डबा खाली आहे

डोंगर चढायची हौस मला कधीच नव्हती. आमच्या घरात ती एकट्या बाबांची. माझ्या वाट्याला ती आली एकोणपन्नासाव्या वर्षी, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागल्यावर, आणि तीही सक्तीने.

माझे बाबा, पद्माकर, केंद्र सरकारच्या पाणी खात्यात तेहेतीस वर्षं होते. आधी नद्यांची पातळी मोजून दिल्लीला कळवायची आणि पुढे स्वतःच दिल्लीत बसून दुसऱ्यांनी कळवलेली पातळी तपासायची, असं ते काम. रिटायर झाल्यावर लोक भजनाला जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून लिफ्टवरून भांडतात. बाबांनी जिओकॅशिंग धरलं. म्हणजे असं, की कुणीतरी एक डबा कुठेतरी दडवून ठेवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो, आणि मग ज्याला हौस असेल त्याने मोबाइल हातात धरून तिथे जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून परत यायचं. मिळत काही नाही. डब्यात बटण, बिल्ला, किल्लीची साखळी असल्या किरकोळ वस्तू असतात. आवडली तर एक घ्यायची आणि आपली एक ठेवायची. आई याला म्हातारपणीचं डबा ऐसपैस म्हणायची.

दुसऱ्यांचे डबे बाबांनी खूप शोधले, पण स्वतःचा असा एकच ठेवला. तेरा वर्षांपूर्वी, हिमाचलात, रिखसर नावाच्या तळ्याकाठी, साडेअकरा हजार फुटांवर. त्यासाठी त्यांनी आईचा शाळेत न्यायचा कडीचा स्टीलचा डबा परस्पर लांबवला होता. आई तेव्हा दिल्लीतल्याच एका शाळेत शिकवायची. त्यानंतर महिनाभर ती रोज सकाळी विचारायची, "तळ्याला आज पोळी-भाजी पाठवू का?"

आई चार वर्षांपूर्वी गेली आणि बाबा आमच्याकडे, दिल्लीतल्याच द्वारकेला आले. 'आमच्याकडे' म्हणजे माझ्याकडे आणि माझ्या मुलीकडे, रसिकाकडे. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा नवरा सुधन्वा दोन वर्षांपासून कंपनीच्या चेन्नई ऑफिसात आहे आणि महिन्यातून एकदा पाहुण्यासारखा येऊन जातो. माझं ऑफिस गुरुग्रामला.

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग बाबा विसरायला लागले. सुरुवातीला हसण्यासारखं होतं. मेट्रोने दोन स्टेशनं पलीकडे चष्मा आणायला गेले ते थेट गाझियाबादला, वैशालीला पोचले. तिथून फोन केला, "मी कुठे आहे ते मला व्यवस्थित माहीत आहे. का आहे, तेवढं आठवत नाहीये." आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग गॅस चालू राहिला, एकदा नाही, दोनदा. मग एका दुपारी ते शेजारच्या टॉवरमध्ये, आमच्याच मजल्यावर, आमच्यासारख्याच दारासमोर उभे राहून तिथल्या बाईंना विचारत होते, की तुम्ही माझ्या घरात काय करताय. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, फार काळजी करू नका, फक्त लक्ष ठेवा.

लक्ष ठेवा! कुणी? सकाळी सातला बाबांचा चहा, गोळ्या, नाश्ता, साडेआठची कॅब, दिवसभर मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून घरातल्या कॅमेऱ्यात बघायचं, की बाबा कुठल्या खोलीत आहेत. दिवसाच्या मदतीला ठेवलेल्या बाया दोन महिने टिकल्या तर खूप, कारण बाबा त्यांना त्यांची चूक नसताना रागवायचे आणि त्यांची चूक असताना माफ करायचे. मी थकले होते. हे इथे सरळ लिहिते आहे, कारण तेव्हा ते कुणालाच सरळ सांगितलं नव्हतं. विचारलं की मी "चाललंय" म्हणायचे.

माझा धाकटा भाऊ केतन पुण्यात असतो. त्याने पुण्याजवळ ज्येष्ठांसाठीची एक जागा बघून ठेवली होती. बाग, डॉक्टर, आपल्याकडचं जेवण, सगळं मराठी वातावरण. तो दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिचे फोटो दाखवायचा आणि बाबा दर रविवारी म्हणायचे, "छान आहे. कुणासाठी बघतोयस?"

सप्टेंबरात त्या वेबसाइटवरून बाबांना मेल आली. सलग तीन जणांना रिखसरचा डबा सापडलेला नाही. मालकाने महिनाभरात जाऊन खात्री करावी, नाहीतर त्या डब्याची नोंद बंद करण्यात येईल. बाबांनी ती मेल मला चार वेळा वाचून दाखवली. विसरून चार वेळा नव्हे, चिडून. रविवारी केतनलाही वाचून दाखवली. केतनने सहज म्हटलं, "बाबा, सोडा ना. तुम्हीच भलतीकडे ठेवला असेल. होतं असं आता."

तो 'आता' बाबांना लागला.

"केतन," ते म्हणाले, "काल काय जेवलो ते मला सांगता येत नाही, कबूल. पण तो डबा कुठे आहे, ते मला झोपेतून उठवून विचार."

"ओके बाबा, पण..."

"पण नाही. डबा तिथे नसेल तर मी मुकाट्याने पुण्याला येतो, त्या तुझ्या बागेत. असेल, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी इथे माझ्या लेकीकडे, उत्तराकडे राहणार."

"डन," केतन म्हणाला. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. बाबांना डॉक्टरांनी उंचावर जायला सक्त मनाई केली होती आणि केतनला सुट्टी नव्हती. केतनला कधीच सुट्टी नसते.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी शुक्रवारची रजा टाकली. बाबांजवळ राहायला सुधन्वाला चेन्नईहून बोलावून घेतलं. रसिका गाडी चालवायला आणि माझ्यावर देखरेख करायला. निघायच्या सकाळी मी बॅगा खाली नेऊन परत वर आले, तेव्हा बाबा दाराशी स्टुलावर बसून बूट बांधणाऱ्या रसिकाशी बोलत होते. मला बघून म्हणाले, "रसिकाला सगळं सांगितलंय." काय सांगितलंय ते मी विचारलं नाही. बाबांचं कुठलंही सांगणं दहा मिनिटांच्या आत संपत नाही आणि मला दिल्लीबाहेर पडतानाचा ट्रॅफिक चुकवायचा होता.

पानिपत मागे पडताना रसिका म्हणाली, "मम्मा, इथेच आपण हरलो होतो ना?"

"हो," मी म्हटलं. "आणि उद्या माझ्या गुडघ्यांचं पानिपत आहे."

त्या संध्याकाळी रस्ता संपतो त्या गावात एका होमस्टेमध्ये उतरलो आणि सकाळी सहाला चढायला लागलो. होमस्टेवाल्या बाईंनी पराठे बांधून दिले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मैडम, आराम से जाना. तळं कुठे पळत नाही," असं काहीतरी त्यांच्या हिंदीत. पहिला तास देवदारांतून होता, तो निभला. पुढे झाडं संपली आणि नुसती चढण राहिली. रसिका पुढे जायची, थांबायची, माझी वाट बघायची, आणि मी तिच्यापर्यंत पोचले की तिची विश्रांती संपलेली असायची. दर पन्नास पावलांनी मी थांबत होते. श्वास पुरत नव्हता. अशा वेळी माणसाच्या मनात काय येतं? माझ्या मनात आलं, की आज शनिवार आहे, सुधन्वाने बाबांना नवाची गोळी दिली असेल का.

साडेदहाला तळं दिसलं. सुंदर होतं. तीन बाजूंनी करडे कडे, मध्ये गडद हिरवं पाणी, त्यात हललं न हललं असं आभाळ. एरवी मी दोन वाक्यं जास्त लिहिली असती, पण त्या वेळी मला फक्त बसायला सपाट दगड हवा होता.

वेबसाइटवर बाबांनी तेरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं: तळ्याच्या वरच्या अंगाला दोन भागांत दुभंगलेला मोठा खडक आहे, त्याच्या भेगेत, हात कोपरापर्यंत घालावा. खडक लगेच सापडला. रसिकाने हात कोपरापर्यंत घातला, मग खांद्यापर्यंत. टॉर्च मारून पाहिलं. भेगेत बिस्किटाचा पुडा, एक मोजा आणि कुठल्याशा पाखराची हाडं होती. मोबाइलमधला बाण दर मिनिटाला वेगळी दिशा दाखवत होता. पाच-दहा मीटर इकडेतिकडे धरावंच लागतं म्हणे. म्हणून आम्ही त्या खडकाभोवतीचा एकेक दगड उचलून पाहिला. दीड तास. माझी नखं तुटली. रसिकाच्या हाताला खरचटलं.

"मम्मा, नाहीये," ती शेवटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आजोबांना काय सांगणार यार?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. अगदी पोटातून. कॅमेरा नाही, बाई पळून गेली का ही धास्ती नाही, फोन वाजला की छातीत धस्स होणं नाही. जानेवारीत मी एखाद्या रविवारी नऊपर्यंत झोपले आहे, असं चित्रसुद्धा माझ्या डोळ्यांसमोर येऊन गेलं. मला त्याची लाज वाटली, पण आनंद काही त्याने कमी झाला नाही.

उतरताना तासाभराने एक कुरण लागलं. मेंढपाळांनी रचलेल्या दगडी कुंपणाच्या आडोशाला आम्ही पराठे खायला बसलो. रसिकाने सॅकमधून पाण्याची बाटली काढली, आणि तिच्याबरोबर एक प्लास्टिकची पिशवी बाहेर आली. पिशवीत किल्लीच्या साखळ्या, दोन बिल्ले, केसांचे चाप, बोटाएवढा गणपती, रंगीत खडू.

"आता याचं काय करू? पूरा पॅकेट घेऊन आले मी."

"हे कशाला आणलंस?"

"डब्यात भरायला. आजोबा बोलले होते ना."

"काय बोलले होते?"

"अगं, निघताना. बोलले, रसिका, लक्षात ठेव, डबा खाली आहे. दोनदा बोलले. तो मी बोलले, बिल्कुल टेन्शन नका घेऊ आजोबा, मी भरून टाकेन. ते हसले. त्यांना ना, ऐकू पण कमी येतंय." तिने पराठ्याचा घास घेतला. "म्हणजे तसं पण काय फरक पडतो. मिळाला असता तरी खालीच होता."

माझा घास तोंडात तसाच राहिला.

आमच्या घरात तेलाचा डबा खाली होतो, सिलिंडर खाली होतो, रविवारी मेट्रो खाली असते. पुण्याहून कुणी पाहुणे आले आणि मी "साखरेचा डबा खाली आहे" म्हटलं, की ते वाकून ओट्याखाली बघतात, आणि आम्ही हसतो. रिकामा हा शब्द आमच्याकडे आई वापरायची, तो तिच्याबरोबर गेला. रसिकाला 'खाली ये' म्हटलेलं बरोबर कळतं. पण डबा खाली म्हटलं, की तिला रिकामा डबाच दिसणार. यात तिचा दोष नाही. तिला हे मराठी मीच दिलेलं आहे.

पण बाबा दिल्लीत जन्म काढूनही रिकाम्याला रिकामाच म्हणतात. आजही म्हणतात. त्यांच्या तोंडी 'खाली' म्हणजे खाली. खालच्या बाजूला.

आणि मग मला ते सगळं आठवलं. सहा वर्षांपूर्वी बाबा शेवटचे रिखसरला एकटे गेले होते. परत आल्यावर जेवताना सांगत होते, की वरच्या खडकाच्या भेगेत बर्फ साचून डबा चेपतो, म्हणून मी तो खाली हलवला, तळ्याचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे, चपट्या दगडांच्या राशीत. आई म्हणाली होती, "चला, डबाही उतरणीला लागला." मी त्या टेबलावर होते. मी हसले होते. वेबसाइटवरची जागा बदलायची तेवढी राहून गेली असणार. पुढे आईचं आजारपणच सुरू झालं. बाबांच्या मात्र ते पक्कं लक्षात होतं. विसरले होते ते मी.

त्या चपट्या दगडांच्या राशीवर मी सकाळी दहा मिनिटं बसले होते. तळं दिसल्यावर मला जो सपाट दगड हवा होता, तो तोच.

"काय झालं मम्मा? चक्कर येतेय?"

दीड वाजला होता. परत वर जाऊन उतरायचं तर अंधार पडेल, असं मी स्वतःला सांगितलं. पडला नसता. मला झेपलं नसतं हे खरं, पण रसिकाला नुसतं सांगितलं असतं, तर ती मला तिथेच बसवून धावत वर गेली असती आणि तीनच्या आत डबा बघून आली असती. एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या जिभेवर होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "ते पॅकेट ठेवून दे. गावात एखाद्या पोरीला देऊ."

आणि आम्ही उतरलो. रसिका पुढे, मी मागे. खाली पोचेपर्यंत मी काही विचार केला नाही. माणूस पुरेसं थकलेलं असलं की विचार न करणं जमतं, हे मला तेव्हा कळलं.

गावात फक्त पुलावर फोनला रेंज यायची. रसिका नळावर हात-तोंड धूत होती. मी पुलाच्या मधोमध उभी राहून फोन लावला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला. फोन मांडीवर घेऊनच बसले असणार.

"सापडला?"

"नाही, बाबा."

मग ते म्हणाले, "खाली पाहिलंस? पाणी बाहेर पडतं तिथे?"

आता तरी. आताही सांगता आलं असतं, की रसिकाच्या ऐकण्यात घोटाळा झाला, आम्ही उद्या पुन्हा जातो.

"पाहिलं," मी म्हटलं. "खाली पण पाहिलं. सगळीकडे पाहिलं."

"अस्सं. मग माझंच चुकलं असणार. तुम्ही दोघी नीट उतरलात ना? गरम पाण्यात पाय बुडवून बस जरा."

बाबांनी शब्द पाळला. केतनला त्यांनी स्वतः फोन केला आणि म्हणाले, ये भाऊबीजेला आणि घेऊन जा. आवाज न चढवता, तोंड न पाडता. सुधन्वा चेन्नईला परतताना मला म्हणाला, "बघ, किती शांतपणे घेतलं त्यांनी. तू उगाच घाबरत होतीस."

शांतच झाले होते ते. आधी बाबा विसरायचे आणि भांडायचे. गोळी घेतली नसली तरी "घेतली" म्हणून हुज्जत घालायचे. आता त्यांनी हुज्जत सोडली. गोळी घेतलेली असली, तरी ते माझ्याजवळ येऊन विचारायचे, "मी घेतली का गं?" मेट्रोच्या ब्लू लाइनची सगळी स्टेशनं त्यांना क्रमाने पाठ आहेत, एके काळी ती म्हणून दाखवून ते आम्हाला वात आणायचे. एका संध्याकाळी रसिकाने मुद्दाम विचारलं. त्यांनी सुरुवात केली, द्वारका मोड, नवादा, उत्तम नगर वेस्ट, उत्तम नगर ईस्ट. सगळं बरोबर. आणि मग थांबले. "बरोबर आहे ना?" म्हणाले. रसिका म्हणाली, "हो आजोबा, एकदम." तर ते म्हणाले, "तू बघ हं फोनमध्ये. माझं काही खरं नाही आता."

रोज थोडं थोडं असं. एका सकाळी ते बाथरूमच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "उत्तरा, माझी अंघोळ झालीय का?" त्यांचे केस ओले होते. डोक्यावरून पाणी निथळत होतं, आणि त्यांचा त्या पाण्यावरही विश्वास नव्हता.

हे मी केलं होतं. डॉक्टर काहीही म्हणोत. त्यांच्या डोक्यात जी एक गोष्ट खडकासारखी पक्की होती, तीच मी त्यांना खोटी ठरवून दाखवली होती. मग बाकीच्यांवर त्यांनी भरवसा कशाला ठेवावा?

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून होमस्टेवाल्या बाईंना फोन केला. म्हटलं, कुणाला तरी वर पाठवा, तळ्याच्या तोंडाशी चपटे दगड आहेत, त्यात स्टीलचा डबा आहे का तेवढं बघायला सांगा, फोटो पाठवा. त्या म्हणाल्या, "मैडम, ऊपर तो बर्फ गिर गई. अब जून में." वेबसाइटची मुदतही संपली होती. बाबांच्या डब्याच्या नावापुढे 'बंद' असं आलं होतं.

भाऊबीजेच्या आदल्या दुपारी मी घरी होते. बाहेर फटाक्यांचा धूर अजून बसला नव्हता, खिडक्या बंद होत्या, एअर प्युरिफायर घरघरत होता. केतन दुसऱ्या दिवशी येणार होता. रसिका मैत्रिणीकडे गेली होती. बाबांच्या खोलीत बॅग उघडी होती आणि बाबा तिच्याशेजारी पलंगावर बसले होते, अंगात स्वेटर घालून.

"माझा स्वेटर घेतला का मी?" त्यांनी विचारलं.

मला राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसले.

"बाबा, मी खाली पाहिलंच नव्हतं."

"कुठे?"

"रिखसरला. पाणी बाहेर पडतं तिथे. तुम्ही रसिकाला सांगितलं होतंत, तिला वाटलं डबा रिकामा आहे. मला उतरताना कळलं, आणि मी परत गेले नाही. तुमचा डबा तिथेच आहे, बाबा. तुम्हाला बरोबर आठवत होतं. फोनवर मी खोटं बोलले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. उलट, लहान मूल तापात काहीबाही बोलतं तेव्हा आपण जसं ऐकतो, तसं ऐकत होते.

"तू कशाला खोटं बोलशील?"

"मी थकले होते." आता काही मागे ठेवायचं नव्हतं. "मला वाटलं, तुम्ही पुण्याला गेलात तर बरं होईल. मला सुटका हवी होती, बाबा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस," ते म्हणाले. "तुझी आईही असंच करायची. मी पत्त्यांत चुकीचं पान टाकलं, की म्हणायची, माझंच चुकलं, मीच तुम्हाला फसवलं. चांगल्या बायका आहात तुम्ही. पण एवढं लाडावून ठेवू नये माणसाला."

"नाही हो बाबा, खरंच सांगतेय. रसिकाला विचारा. तिने पिशवी भरून वस्तू नेल्या होत्या..."

त्यांनी बोट वर केलं. पाणी खात्यात असताना खालच्या माणसाची चूक सापडली की ते असंच बोट वर करत असणार.

"तू पुलावरून फोन केलास," ते म्हणाले. डोळे बारीक केले होते आणि शब्द एकेक करून, जपून येत होते. "मागे नदीचा आवाज होता. मी विचारलं, खाली पाहिलंस का, पाणी बाहेर पडतं तिथे? तू म्हणालीस, पाहिलं. खाली पण पाहिलं. सगळीकडे पाहिलं."



"हे मला पक्कं आठवतंय, उत्तरा." त्यांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी ते असे हसत होते. "बघ! अगदीच सगळं गेलेलं नाही अजून. असंच म्हणाली होतीस ना तू? बरोबर आहे ना?"

ते माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते.

"हो, बाबा," मी म्हटलं. "बरोबर आहे. असंच म्हणाले होते."